प्रोजेक्टमध्ये आधीच घेतलेली चित्रं लहान कशी करावीत? (युनिटी, गोदो वगैरे)

लंबक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

युनिटी या गेम इंजिनमध्ये (गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) फोनसाठी एक टू-डी गेम करतोय. आडवा धावणारा गेम, सगळी चित्रं हाताने काढलेली. चित्रकार मैत्रिणीने चित्रं भल्यामोठ्या आकारात दिली आहेत. पार्श्वभूमीचे थर ४०९६ × २०४८, नायकाची स्प्राइट शीट (हालचालीच्या सगळ्या चौकटी एकाच चित्रात) ४०९६ × ४०९६, आणि स्क्रीनवर जेमतेम ६० पिक्सेल दिसणारं नाणंसुद्धा १०२४ × १०२४! संगणकावर सगळं सुरळीत चालतं. जुन्या फोनवर मात्र दुसऱ्या लेव्हलला गेम बंद पडतो. प्रोफायलर लावून पाहिलं तर मेमरीचा मोठा वाटा टेक्स्चर्सचाच (मेमरीत चढवलेल्या चित्रांचाच) आहे.

अडचण अशी की ही चित्रं आता नुसती फोल्डरात पडून नाहीत. सीनमध्ये मांडून झाली, शीटचे स्लाइस (एकेका चौकटीचे तुकडे) पाडून झाले, त्यावर अ‍ॅनिमेशन बांधलं, बटणांना नाइन-स्लाइसच्या बॉर्डर दिल्या (बटण ताणलं तरी कोपरे तसेच राहावेत म्हणून), कोलायडर (टक्कर ओळखणारे आकार) बसवले.

मला तीन रस्ते दिसतात. एकतर सगळी चित्रं बाहेर गिंपमध्ये निम्मी करून त्याच नावाने वर टाकायची. नाहीतर इन्स्पेक्टरमध्ये मॅक्स साइज कमी करायचा. किंवा सीनमध्येच ट्रान्सफॉर्मचा स्केल कमी करायचा. मांडणी न विस्कटता मेमरी खरोखर कमी होईल असा रस्ता यातला कोणता? केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

भिंगरी

तिसरा रस्ता आत्ताच खोडून टाका. स्केल कमी केला की चित्र लहान *दिसतं*, मेमरीत ते जेवढं होतं तेवढंच राहतं. ०.०६ स्केलचं नाणंसुद्धा अख्खं १०२४ × १०२४ टेक्स्चर घेऊनच बसतं.

धूळपाटी

दुसरा रस्ता. डोळे झाकून दुसरा.

कारण सांगतो. असेट्स फोल्डरातली तुमची पीएनजी गेममध्ये जशीच्या तशी जात नाही. युनिटी ती वाचते, तुमच्या इम्पोर्ट सेटिंगनुसार तिच्यावरून वेगळी प्रत बनवते आणि लायब्ररी फोल्डरात ठेवते. गेम वापरतो ती ही प्रत. म्हणजे पीएनजी ही निगेटिव्ह आणि लायब्ररीतली ती प्रिंट. लहान प्रिंट हवी म्हणून कोणी निगेटिव्ह कापत नाही.

चित्रं निवडा (एकाच प्रकारची अनेक एकदम निवडता येतात), इन्स्पेक्टरमध्ये मॅक्स साइज बदला, अप्लाय दाबा. टू-डीवाल्यांच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे मॅक्स साइजने चित्र लहान झालं तरी स्प्राइटचं सीनमधलं माप बदलत नाही. पिक्सेल्स पर युनिटचा (सीनच्या एका एककात किती पिक्सेल, याचा) हिशेब युनिटी आतल्या आत जुळवून घेते. स्लाइस मूळ चित्राच्या मापात नोंदलेले असतात, तेही आपोआप त्या प्रमाणात बसतात. अ‍ॅनिमेशन, कोलायडर, बटणं, कशालाही हात लावावा लागत नाही. नाही आवडलं तर आकडा पुन्हा वाढवा, मूळ चित्र जागेवर आहेच.

आणि हो, मॅक्स साइज मुळात २०४८ वर लावलेला असतो. तुम्ही तो मुद्दाम वाढवला नसेल तर तुमची ४०९६ ची शीट आधीपासूनच २०४८ होऊन गेममध्ये जाते आहे. चित्र निवडल्यावर खाली प्रिव्ह्यूच्या पट्टीत खरा आकार, फॉरमॅट आणि मेमरी लिहिलेली दिसते. सगळ्यात आधी ती पट्टी वाचा.

शून्याचा पाढा

धूळपाटींच्या शेवटच्या ओळीला +१०००. फाइलचा डिस्कवरचा आकार बघून मेमरीचा अंदाज बांधणारे खूप भेटतात. पीएनजी ३०० केबी असो की ३ एमबी, जीपीयूला (ग्राफिक्स चिपला) त्याचं काही नाही. तिथे हिशेब असा:

रुंदी × उंची × एका पिक्सेलला लागणारे बाइट.

कॉम्प्रेशन नसेल तर एका पिक्सेलला ४ बाइट. म्हणून ४०९६ × ४०९६ ला ६४ एमबी, २०४८ ला १६, १०२४ ला ४, ५१२ ला १. बाजू निम्मी केली की मेमरी चौथाई. लंबक, तुमचं ते नाणं विनाकॉम्प्रेशन ४ एमबी खातंय. १२८ वर आणलं तर ६४ केबी.

मिपमॅप (दुरून दाखवायला बनवलेल्या लहान प्रती) चालू असतील तर यात आणखी एक तृतीयांश भर. सपाट टू-डी गेममध्ये कॅमेरा झूम होत नसेल तर मिपमॅपचा फारसा उपयोग नाही, बंद करा.

आता कॉम्प्रेशन. अँड्रॉइडवर ईटीसी२ या फॉरमॅटमध्ये अल्फासकट (पारदर्शकतेसकट) पिक्सेलला ८ बिट, म्हणजे १ बाइट. तेच २०४८ चं टेक्स्चर १६ वरून ४ एमबीवर येतं. एएसटीसी हा फॉरमॅट असेल तर ४×४ ब्लॉकला पिक्सेलमागे ८ बिट, ६×६ ला सुमारे साडेतीन, ८×८ ला २. आकार आणि फॉरमॅट ही दोन्ही हत्यारं एकत्र चालवायची. नुसता आकारच कापत बसलात तर चित्राची उगीच वाट लागेल.

क्रंच कॉम्प्रेशनने डाउनलोड लहान होतं, फोनवर उघडल्यावरची मेमरी तेवढीच राहते. हाही गैरसमज नेहमीचा.

मेघमल्हार

नाण्याला ४ एमबी! खजिनाच म्हणायचा. :)

कुंचला

मी चित्रं काढणाऱ्यांच्या बाजूने बोलते, आणि धूळपाटींशी निम्मी असहमत आहे.

मॅक्स साइजने मांडणी मोडत नाही हे खरं. पण चित्राचं काय होतं ते कोणी बघतं का? हाताने काढलेल्या चित्रात डोळ्याची कड, भुवई, कपड्याची घडी या रेषा विचारपूर्वक ठरावीक जाडीच्या असतात. ४०९६ च्या पानावर ४ पिक्सेल जाड असलेली रेषा १०२४ वर १ पिक्सेल होते, ५१२ वर अर्धा. अर्धा पिक्सेल नावाची गोष्ट नसते. तिथे करडा धूसर डाग येतो. चेहऱ्यावरचा भाव त्या रेषेतच असतो, तोच पुसला जातो.

म्हणून माझं म्हणणं: पार्श्वभूमी, ढग, डोंगर, दगड यांना खुशाल मॅक्स साइज लावा. नायक, चेहरे, आयकॉन आणि अक्षरं असलेली चित्रं मात्र चित्रकाराकडून त्या मापाला पुन्हा काढून घ्या. लहान आयकॉनमध्ये तपशील कमी आणि रेषा जाड ठेवाव्या लागतात. तो निर्णय माणसाचा आहे, फिल्टरचा नाही.

धूळपाटी

@कुंचला, मुद्दा पटला. त्यात एक भर घालतो. युनिटीत मॅक्स साइजच्या खालीच रिसाइज अल्गोरिदम असतो: मिचेल आणि बायलिनियर. मुळात मिचेल लावलेला असतो आणि रेषांसाठी तोच बरा. पण अर्ध्या पिक्सेलची रेषा कुठलाच अल्गोरिदम वाचवू शकत नाही, हे कबूल.

ठोकळा

पिक्सेल आर्टवाल्यांनी वरचं सगळं विसरून जावं.

मिचेल असो की बायलिनियर, दोन्ही शेजारच्या पिक्सेलांचे रंग मिसळतात. १६ × १६ च्या पात्रावर मिसळामिसळ म्हणजे सत्यानाश. पिक्सेल आर्टमध्ये चित्र लहान करायची वेळच येऊ नये, कारण ते मुळातच शक्य तितकं लहान असतं. कोणी निर्यात करताना चौपट मोठं करून दिलं असेल तर असेप्राइटमध्ये (पिक्सेल आर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये) निअरेस्ट नेबर (रंग न मिसळणारी पद्धत) लावून बरोबर चौथाई करा. दीडपट, पाऊणपट असले आकडे नकोत. कायम पूर्णांक पट.

नंतर युनिटीत फिल्टर मोड पॉइंट, कॉम्प्रेशन नन, मॅक्स साइज शीटपेक्षा मोठा. या तीन गोष्टी केल्या की पुढे त्रास नाही. मॅक्स साइज विसरलात आणि शीट २०४८ च्या वर गेली की सगळी पात्रं एकदम गढूळ दिसायला लागतात, आणि माणूस कारण शेडरमध्ये शोधत बसतो.

लंबक

सगळ्यांचे आभार. पट्टी वाचली. धूळपाटी म्हणतात तसंच निघालं, शीट आधीच २०४८ वर होती, पण कॉम्प्रेशन नन. पार्श्वभूमीचे सगळे थरही तसेच, विनाकॉम्प्रेशन.

एक शंका. कुंचलाताई म्हणतात तशी नायकाची शीट नव्याने काढून घेतली तर ती मूळ फाइलच लहान येणार, म्हणजे पहिला रस्ता. तेव्हा काय काय मोडेल?

मृगजळ

हा प्रश्न विचारलात ते फार बरं झालं, कारण इथेच लोकांचे दिवस वाया जातात.

आधी न मोडणारी गोष्ट. प्रत्येक फाइलशेजारी युनिटी एक मेटा फाइल ठेवते. तिच्यात त्या चित्राचा जीयूआयडी (ओळख क्रमांक) आणि सगळी इम्पोर्ट सेटिंग असतात. सीन आणि प्रीफॅब (पुन्हा वापरायचे तयार साचे) चित्राला ओळखतात ते या जीयूआयडीने. त्यामुळे त्याच नावाची, त्याच एक्स्टेन्शनची फाइल त्याच जागी वरून टाकली तर मेटा तीच राहते आणि एकही दुवा तुटत नाही. जेपीजीच्या जागी पीएनजी आली किंवा एक्सप्लोररमध्ये नाव बदललं तर मात्र जुनी मेटा अनाथ होते, नवी बनते आणि सीनमध्ये सगळीकडे मिसिंग. तसं करणं भागच असेल तर युनिटी बंद करून मेटा फाइलचंही नाव त्याप्रमाणे बदला.

आता मोडणाऱ्या गोष्टी. नियम सोपा आहे: जी माहिती *पिक्सेलमध्ये* नोंदलेली आहे ती सगळी चुकते.

पहिलं म्हणजे पिक्सेल्स पर युनिट. २५६ पिक्सेलचं चित्र १०० च्या हिशेबाने २.५६ युनिट दिसतं. फाइल १२८ ची झाली की तेच १.२८ दिसणार. फाइल निम्मी तर हा आकडाही निम्मा, ५०. हा विसरला की ओळखायची खूण अशी: चित्र निम्मं झालेलं, पण कोलायडर जुन्याच मापाचा, आणि गोळ्या शत्रूच्या बाजूला हवेतच आपटतात.

दुसरं, नाइन-स्लाइसच्या बॉर्डर. त्या पिक्सेलमध्ये असतात. २० ची बॉर्डर १० करायची. नाही केली तर बॉर्डर प्रमाणाबाहेर मोठी होते, मधला ताणायचा भाग उरत नाही आणि लहान बटणांचे कोपरे चेपतात.

तिसरं आणि सगळ्यात किचकट, स्लाइस. जुने चौकोन जुन्याच जागी राहतात आणि नवं चित्र त्यांच्या एका कोपऱ्यात येऊन बसतं. इथे घाईने डिलीट एक्झिस्टिंग लावून पुन्हा स्लाइस करू नका. अ‍ॅनिमेशन प्रत्येक स्लाइसला त्याच्या आतल्या आयडीने धरून असतं. जुने स्लाइस गेले की अ‍ॅनिमेशनच्या सगळ्या चौकटी रिकाम्या. ग्रिडची शीट असेल तर स्मार्ट पद्धत वापरून पाहा. मी स्वतः छोटी एडिटर स्क्रिप्ट लिहिते: स्प्राइट एडिटर डेटा प्रोव्हायडरकडून सगळे स्लाइस घ्यायचे, प्रत्येकाचा चौकोन आणि बॉर्डर ०.५ ने गुणायची, आयडीला हात न लावता परत लिहायचे. अ‍ॅनिमेशन जसंच्या तसं राहतं.

पिव्हट (चित्र ज्या बिंदूवर टेकतं आणि फिरतं तो) ० ते १ अशा प्रमाणात असतो, तो सुरक्षित.

भिंगरी

वाचनखूण साठवली. हा प्रतिसाद वर चिकटवून ठेवा कोणीतरी.

सावरी

गोदो (हेही गेम इंजिनच) वापरणाऱ्यांसाठी लिहिते, कारण तिथे हाच खेळ उलटा आहे.

गोदोतही मूळ चित्राला हात लागत नाही. शेजारी इम्पोर्ट नावाची छोटी फाइल बनते, खरी प्रत गोदो ४ मध्ये लपलेल्या गोदो फोल्डरातल्या इम्पोर्टेड फोल्डरात जाते. इम्पोर्ट डॉकमध्ये प्रोसेसच्या खाली साइज लिमिट आहे. शून्य म्हणजे मर्यादा नाही. ५१२ लिहिलं की लांब बाजू ५१२ होते, दुसरी त्या प्रमाणात. नंतर रीइम्पोर्ट दाबायचं.

पण! गोदोत पिक्सेल्स पर युनिट नावाचं काही नाही. स्प्राइट टू-डीमध्ये एक पिक्सेल म्हणजे एक एकक. त्यामुळे साइज लिमिट लावलं की स्प्राइट सीनमध्ये खरोखर लहान दिसायला लागतं आणि स्केल दुप्पट करून भरपाई आपल्यालाच करावी लागते. रीजन रेक्ट वापरलं असेल तर ते आकडे बदला. टाइलसेटचा रीजन साइज पिक्सेलमध्येच असतो, तोही बदला, नाहीतर जमिनीच्या जागी चार-चार टाइलांचा काला दिसतो. एच-फ्रेम्स आणि व्ही-फ्रेम्स वापरणारे सुखी, कारण तिथे चित्राचे समान भाग पडतात, पिक्सेल मोजले जात नाहीत.

एसव्हीजी वापरत असाल तर इम्पोर्टमध्येच स्केल आहे. हव्या त्या मापाला रेषा नव्याने आखल्या जातात, कुंचलाताईंची अर्ध्या पिक्सेलची तक्रार बरीचशी मिटते.

वाघनख

थ्री-डीवाल्यांना यातलं काहीच का जाणवत नाही, ते मृगजळ यांच्या नियमातूनच कळतं. मॉडेलचे यूव्ही (चित्राचा कुठला भाग मॉडेलवर कुठे चिकटतो ते आकडे) ० ते १ असतात, पिक्सेलमध्ये नसतात. टेक्स्चर ४०९६ चं ५१२ करा, दगड तेवढाच राहतो, फक्त जवळून पुसट दिसतो. अनरीअल इंजिनमध्ये टेक्स्चर उघडून मॅक्सिमम टेक्स्चर साइज किंवा एलओडी बायस बदला. बायस १ म्हणजे एक पायरी खाली, निम्मा. मूळ चित्र असेटच्या आत शाबूत असतं.

नॉर्मल मॅपचं मात्र जपा. त्यातला रंग म्हणजे पृष्ठभागाची दिशा असते. साध्या चित्रासारखा बाहेर लहान केलात तर दिशांची सरासरी निघते, लांबी १ राहत नाही आणि उजेड चुकीचा पडतो. इंजिनाला तो नॉर्मल मॅप आहे हे सांगून त्यालाच लहान करू द्या.

परसदार

मला एक कळत नाही. आकडा ठरवायचा कसा? सगळेजण १०२४, ५१२ म्हणताहेत, पण कोणत्या चित्राला किती हे अंदाजानेच?

शून्याचा पाढा

अंदाज कशाला, भागाकार आहे ना.

ऑर्थोग्राफिक कॅमेऱ्याचा साइज ५ असेल तर उभ्या दिशेने १० युनिट दिसतात. स्क्रीनची उंची १०८० पिक्सेल धरली तर एका युनिटला १०८ पिक्सेल. शत्रू ३ युनिट उंच असेल तर त्याला ३२४ पिक्सेल पुरतात. त्याच्यावरचा आकडा ५१२. त्याहून मोठं चित्र त्या फोनवर दिसूच शकत नाही, नुसती मेमरी भरते. शत्रू कधी जवळून दाखवणार असाल, कॅमेरा झूम होणार असेल तर जास्तीत जास्त झूमला हा हिशेब करा.

शीट असेल तर हा हिशेब एका स्लाइसला लावा आणि मग शीटला गुणा.

दुसरी मर्यादा यंत्राची. ओपनजीएल ईएस ३.० मध्ये टेक्स्चरच्या एका बाजूची हमी २०४८ पर्यंतचीच आहे. बहुतेक फोन त्याहून मोठं घेतात, पण जुन्या फोनचा विचार असेल तर २०४८ च्या वर न गेलेलं बरं.

रानवाट

मूळ फाइल मोठीच ठेवा, असं सगळे म्हणताहेत. गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात) ठेवताना काय? आमच्या रिपॉझिटरीत चित्रांचा नुसता डोंगर झालाय.

धूळपाटी

गिट एलएफएस (मोठ्या फाइली वेगळ्या साठवणारी गिटची जोड). साध्या गिटमध्ये पीएनजीची प्रत्येक आवृत्ती जवळपास अख्खी इतिहासात साठते, कारण आधीच दाबलेल्या फाइलींमध्ये फरक काढून फारसं काही वाचत नाही. म्हणून "सगळी चित्रं निम्मी करून पुन्हा कमिट केली, रिपॉझिटरी लहान होईल" हा हिशेब उलटा पडतो. जुनी राहतातच, वर नवी येतात. मॅक्स साइज बदलल्यावर मात्र फक्त मेटा फाइलच्या मोजक्या ओळी बदलतात. मेटा फाइली कमिट करायच्याच, लायब्ररी कधीच नाही.

मृगजळ

थोडी असहमत. रानवाट यांची चित्रं १०२४ वर जाणार हे कायमचं ठरलेलं असेल तर ८१९२ ची मूळ चित्रं प्रोजेक्टमध्ये कशाला? लायब्ररी नव्याने बनताना ती सगळी पुन्हा वाचली जातात, नवा माणूस प्रोजेक्ट उघडून ताटकळत बसतो. चित्रकाराची मूळ फाइल वेगळ्या फोल्डरात, जपून. प्रोजेक्टमध्ये लागते त्याच्या दुप्पट आकाराची निर्यात. एवढी सवड पुढे मोठ्या स्क्रीनसाठी पुरते.

धूळपाटी

दुप्पट हा चांगला मध्य आहे, मान्य. फक्त चित्रं सीनमध्ये बसवायच्या *आधी* ते केलेलं बरं. लंबक यांची वेळ टळून गेली आहे, त्यांना ती खटपट सांगू नका.

कुंचला

बाहेर लहान करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी.

एक, पारदर्शक कडा. पूर्ण पारदर्शक पिक्सेललाही रंग असतो, तो फक्त दिसत नाही. बऱ्याचदा तो काळा किंवा पांढरा असतो. चित्र लहान करताना कडेचा रंग त्या लपलेल्या रंगात मिसळला की पात्राभोवती बारीक काळी किंवा पांढरी कड उमटते. उजळ आकाशासमोर पानं ठेवून पाहा, लगेच दिसेल. उपाय म्हणजे पारदर्शक भागात कडेचाच रंग पसरवून ठेवणं. युनिटीत अल्फा इज ट्रान्स्परन्सी आणि गोदोत फिक्स अल्फा बॉर्डर हेच काम करतात.

दोन, एकदा लहान केलेलं चित्र पुन्हा लहान करू नका. दर वेळी मूळ चित्रावरूनच करा. इमेजमॅजिकचा मॉग्रिफाय तर मूळ फाइलीवरच लिहितो! त्याला पाथ देऊन वेगळ्या फोल्डरात काढायला सांगा, नंतर बघून वर टाका.

ठोकळा

+१. आणि पिक्सेल आर्टला इमेजमॅजिकमध्ये रिसाइज नाही, सॅम्पल वापरा.

मेघमल्हार

आमच्या गेममधल्या राक्षसाला ती पांढरी कड होती. खेळणाऱ्यांना वाटलं त्याला तेजोवलय आहे, सगळे त्याला नमस्कार करत होते.

सावरी

:)) आता ती कड काढू नका, कथाच बदला.

लंबक

काय केलं ते सांगतो, पुढे येणाऱ्याला उपयोगी पडेल.

शून्याचा पाढा यांचा भागाकार सगळ्या चित्रांना लावला. नाणी १२८, शत्रू ५१२, पार्श्वभूमीचे थर २०४८, मागचे धूसर डोंगर १०२४. अँड्रॉइडच्या टॅबवर ओव्हरराइडला टिक करून फक्त तिथे एएसटीसी ६×६ लावलं. सीन उघडला तर एक पानसुद्धा जागचं हललेलं नव्हतं. आता तो जुना फोन दुसरी लेव्हल पार करून पुढे जातो.

नायकाची शीट मैत्रिणीला दाखवली. तिनेही कुंचलाताईंचंच बोलणं बोललं: डोळे पुन्हा काढणार. ती शीट आली की मृगजळ यांची ०.५ ची स्क्रिप्ट.

अडकलोय ते एकाच ठिकाणी. थोडी चित्रं कॉम्प्रेस होतच नाहीत. इन्स्पेक्टरमध्ये चारच्या पटीबद्दल इशारा येतो. मूळ चित्र १००० × ७०० आहे, दोन्ही आकड्यांना ४ ने भाग जातो. मग?

शून्याचा पाढा

मूळ चित्राला जातो हो, लहान झालेल्याला जात नाही. मॅक्स साइज ५१२ केलात की १००० × ७०० चं होतं ५१२ × ३५८. ३५८ ला ४ ने भाग जात नाही. डीएक्सटी (संगणकावरचा फॉरमॅट) आणि ईटीसी दोन्ही ४×४ च्या ठोकळ्यांत काम करतात, त्यांना दोन्ही बाजू चारच्या पटीत हव्यात. एएसटीसीला ही अट नाही. म्हणून तुम्हाला हा इशारा दिसत असेल तर त्या चित्रांवर अँड्रॉइडचा ओव्हरराइड लागलेला नाही किंवा तुम्ही संगणकाचा टॅब बघताय.

उपाय दोन. मूळ कॅनव्हास पारदर्शक जागा सोडून १००० × ७५० करा, म्हणजे ५१२ × ३८४ मिळेल. (कॅनव्हास वाढला की चित्राचा मध्य सरकतो, पिव्हट तपासा.) नाहीतर ही छोटी चित्रं एका मोठ्या पानावर एकत्र बांधा, म्हणजे स्प्राइट अ‍ॅटलासमध्ये टाका. मग कॉम्प्रेशन अख्ख्या अ‍ॅटलासच्या पानाला लागतं, आतल्या सुट्या चित्राच्या मापाला महत्त्व उरत नाही.

मृगजळ

अ‍ॅटलासच करा. ड्रॉ कॉलही (चित्र काढायला जीपीयूला द्यायच्या आज्ञा) कमी होतील. पॅडिंग (चित्रांमधली मोकळी जागा) ४ ठेवा. २ वर ठेवून नंतर अ‍ॅटलास लहान केला की शेजारच्या चित्राचा रंग कडेला झिरपतो. आणि कमकुवत फोनसाठी वेगळा संच हवा असेल तर अ‍ॅटलासचा व्हेरियंट बनवून स्केल ०.५ द्या. मूळ अ‍ॅटलास तसाच राहतो.

परसदार

एवढं सगळं दर नव्या चित्राला हाताने करायचं का? आमच्याकडे रोज नवी चित्रं येतात.

धूळपाटी

नाही, प्रीसेट मॅनेजर वापरा. टेक्स्चर इम्पोर्टरचा प्रीसेट (सेटिंगचा जतन केलेला संच) बनवायचा आणि त्याला फोल्डरचा फिल्टर द्यायचा: नाण्यांच्या फोल्डरात पडेल त्याला १२८, शत्रूंच्या फोल्डरात ५१२. तो फक्त नव्याने येणाऱ्या चित्रांना लागतो, जुनी तशीच राहतात.

स्क्रिप्टने करायचं असेल तर असेट पोस्टप्रोसेसर आहे, पण तो दर रीइम्पोर्टला चालतो. एखाद्या चित्राचा आकार कोणी मुद्दाम हाताने वाढवला असेल तर तो गुपचूप पुन्हा खाली आणतो, आणि "मी काल केलेलं सेटिंग आज कुठे गेलं" असं विचारत चित्रकार येतात. म्हणून त्यात आधी इम्पोर्ट सेटिंग्ज मिसिंग ही अट तपासा. मेटा फाइल नसेल, म्हणजे चित्र खरोखर नवं असेल, तरच आकडा लावायचा. मेटा असेल तर हात लावायचा नाही.

परसदार

हे लगेच लावतो. फिल्टरमध्ये आतले उपफोल्डरही धरले जातात का?

धूळपाटी

फिल्टर ग्लॉब पद्धतीने लिहा, फोल्डरच्या नावापुढे दोन तारे दिले की आतले सगळे धरले जातात. मॅनेजरमधला क्रम बघून घ्या. एका चित्राला दोन प्रीसेट लागू होत असतील तर ते वरून खाली लागतात, खालचा वरच्याला झाकतो. सर्वसाधारण वर, खास फोल्डरचा खाली.